मिठाने खाल्लेली लॉरी

सोलापूर, ता. १४ ऑक्टोबर १९३४

चि. सौ. सोजरबाई हीस थोरला भाऊ मानसिंग याचा आशीर्वाद. पत्र घरात मोठ्याने वाचले जाईल हे धरूनच लिहीत आहे. तुझ्या सासूबाई गोजरबाई मावशींनीही ऐकावे आणि मुलाविषयी धीर सोडू नये.

दाजी हिंदुरावांना पोलिसांनी धरले आहे ही बातमी माझ्या पत्राआधीच करमाळ्याला पोचली असेल. तिखटमीठ लागून पोचली असेल म्हणून जे झाले ते सांगतो. आपली लॉरी मैनुद्दीन पत्रेवाल्याच्या आवारात दुरुस्तीला होती. होटगीला रेल्वेच्या वाघिणींतून उतरणारे मीठ वाहून वाहून तिच्या मागच्या, माल भरायच्या पेटाऱ्याचा पत्रा कुजला होता. बोट लावले तरी पापुद्रा निघे. मोटारी तपासणारा साहेब असली गाडी पास करीत नाही, आणि पास नाही तर रस्ता नाही. नवा पेटारा बांधवण्याची ऐपत नव्हती. मैनुद्दीन म्हणाला, डांबराच्या पिपांचा पत्रा सरळ करून ठिगळे लावू. त्याप्रमाणे काम चालू होते.

गुरुवारी दुपारी रावजीचा ड्रायव्हर कोंडीबा दोन माणसे घेऊन आला. करमाळ्याच्या रस्त्यावर रावजीच्या लॉऱ्या चालतात आणि आपली त्यात नको, हे त्याचे जुने दुखणे. कोंडीबाने मैनुद्दीनचा हात हातोडीने ठेचला. तेवढ्यात दाजी आले. मारामारी झाली आणि कोंडीबा जागेवर गेला. दाजी म्हणतात, तो हातोडी उगारून अंगावर आला होता.

मी त्या वेळी पेटाऱ्याच्या आत होतो. बाहेरून रिव्हेट ठोकताना आतून कोणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो, नाहीतर रिव्हेट बसत नाही. ते काम माझ्याकडे होते. मीठ भिजू नये म्हणून पेटारा वरून बंद आहे आणि मागचे दार भिंतीकडे होते. म्हणून मी काही पाहिले नाही, असे पोलिसांनी लिहून घेतले आहे.

राहिलेली भोके दुसऱ्याच दिवशी बुजवली. गंज विटेने घासून काढला, कुजका भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापला, ठिगळाच्या कडेखाली गिरणीच्या कापडाची पट्टी शेंदूर आणि जवसाच्या तेलात भिजवून बसवली म्हणजे सांध्यात पाणी जात नाही. वरून खडू-तेलाची लांबी भरून रंग दिला. हात फिरवला तर जोड लागत नाही.

चौकीवर जेवण पोचते आहे. काळजी करू नये.

मानसिंग


सोलापूर, ता. २१ ऑक्टोबर

सोजर,

हा कागद बिस्मिल्ला देईल. ती मैनुद्दीनची बहीण, बांगड्या विकते. बांगडीवालीला तुमच्या ओसरीवर कोणी अडवणार नाही आणि हातात हात घेऊन बसली तर कोणाला वावगे वाटणार नाही. वाचून तिच्याच टोपलीत टाक. उत्तर द्यायचे असेल तर तिच्यापाशी दे.

पोस्टाने आलेले पत्र घरच्यांसाठी होते. त्यात खोटे फारसे नव्हते. पण एक गोष्ट नव्हती.

मैनुद्दीन ज्या भोकाला ठिगळ लावत होता, त्याच्या बाजूचे भोक अजून उघडे होते. तळहाताएवढे. मी उकिडवा बसलो होतो आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

हातोडीचे ठोके थांबले म्हणून मी बाहेर पाहिले. दोघांनी मैनुद्दीनला मडगार्डवर दाबला होता आणि कोंडीबा त्याच्याच हातोडीने त्याच्या बोटांवर मारत होता. मैनुद्दीन ओरडला नाही. त्याच्या तोंडातून नुसती हवा निघाली. मग तो खाली घसरला. कोंडीबा सोबत्यांना म्हणाला, "आता लाव म्हनावं ठिगळं." आणि हसला, पण ते हसणे अर्धेच राहिले, कारण हिंदुराव समोरच्या दुकानातून येताना दिसला. सोबती पळाले. कोंडीबाने हातोडी टाकली, दोन्ही हात वर केले आणि फाटकाकडे चालू लागला. पळत नव्हता. आपण निघून चाललो आहोत हे समोरच्याला कळावे म्हणून माणूस जसा मुद्दाम सावकाश चालतो, तसा चालत होता.

हिंदुरावने हातोडी उचलली.

पहिला घाव कानावर बसला. कोंडीबा शेंदराच्या परळावर पडला. परळ फुटले, शेंदूर मातीत सांडला. नंतर काय शेंदूर आणि काय रक्त ते मला आतून कळेना. मी कळून घेतलेही नाही. त्याने हात तोंडापुढे धरला. हिंदुरावने तो हात बाजूला केला, जसा दारातला पडदा सारावा, आणि मारले. पुन्हा मारले. हात वर येईनासा झाला तरी मारत राहिला. कोंडीबाची एक टाच माती उकरत होती. ती थांबली तेव्हा हिंदुराव उठला, हातोडी पाटलोणीला पुसली आणि लॉरीला टेकून बसला. पत्र्यापलीकडे त्याचा श्वास मला ऐकू येत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मास्तर, भाईर या. झालं."

मी बाहेर आलो. मी काय पाहिले ते त्याने विचारले नाही. पोलिसांनीही नीट विचारले नाही. मी आत होतो म्हटल्यावर, बंद पेटाऱ्यातल्या माणसाला काय दिसणार, असे ते स्वतःच म्हणाले. मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे खोटे बोलणे का, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे, आणि हा विचार करणे म्हणजेच उत्तर टाळणे हेही मला कळते.

तुझ्या कपाळाचे कुंकू माझ्या एका वाक्यावर आहे. मी खरे सांगितले तर त्याला फाशी होईल, निदान काळे पाणी. म्हणून मी गप्प राहिलो. तू दोन वर्षे माझ्याशी बोलत नाहीस, आणि का ते मला ठाऊक आहे. तरी तुझे वाईट माझ्या हातून होणार नाही, एवढा विश्वास ठेव.

तुझा दादा


सोलापूर, ता. ९ नोव्हेंबर

सोजर,

तुझे उत्तर मिळाले. तुझे अक्षर अजून तसेच आहे, पाटीवर मी गिरवून घेतले होते तसे. बिस्मिल्लाने तुझ्या मनगटाबद्दल सांगितले. डाव्या हातात बांगडी चढत नाही, हाड वाकडे जुळले आहे, असे ती म्हणाली. ती रडली नाही. चिडली होती, आणि माझ्यावरच.

तू लिहितेस:

"दादा, मोटार घेताना तू मला इचारलं न्हाईस. जबानी देतानाबी इचारलं न्हाईस. मला त्येच्या हाताखाली ठिवून तू माजं कुंकू राकतोस व्हय? एकच इचारते. त्यानं कोंडीबाला आदी हाक मारली का? मला मारतो तवा आदी नाव घेऊन हाक मारतो. हळू, लाडानं. मी वळले की मारतो. बगितलं आसशील तर कोर्टात सांग. न्हाय सांगनार आसशील तर परत कागूद धाडू नगंस."

तुझे पत्र वाचून मी दार लावून घेतले.

हाकेचे मी तुला लिहिलेच नव्हते. ते एवढेच वगळले होते. कोंडीबा फाटकाशी पोचला होता. एक पाऊल टाकले असते तर तो रस्त्यावर, माणसांत गेला असता. तेव्हा हिंदुरावने हाक मारली. "कोंडीबा. आरं, ऐक की." इतक्या मायेने की मलाच वाटले, भांडण मिटले. कोंडीबालाही तसेच वाटले असावे. वळून परत येताना त्याचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. हिंदुरावचा बचाव एवढाच आहे की कोंडीबा अंगावर आला. तो जात होता आणि त्याला परत बोलावून मारले, हे कळले की बचाव उरत नाही. हे मला त्या क्षणापासून ठाऊक होते. म्हणून वगळले.

आणि भोक. पासाची तारीख जवळ आली होती हे खरे, पण मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ते बुजवायला धावलो ते पासासाठी नव्हे. पंचनाम्याला आलेल्यांनी जमीन पाहिली, हातोडी नेली, गाडीकडे कोणी पाहिले नाही. उद्या कोणी पाहील, अशी भीती होती. मैनुद्दीनच्या हाताला फडके गुंडाळलेले, ताप चढलेला. तरी मी त्याला आत बसवून चांगल्या हाताने ठोकळा धरायला लावला आणि बाहेरून मी ठोकले. प्रत्येक ठोक्याला तो आत कण्हत होता. मी थांबलो नाही. इतके सफाईने काम मी आयुष्यात केलेले नाही.

तू मोटारीचे म्हणालीस. शाळेची नोकरी सुटल्यावर मी हिंदुरावशी भागी केली, तेव्हा स्वतःला समजावले होते की भागीदार झालो म्हणजे माझा त्याच्यावर वचक राहील, तुझे हाल कमी होतील. हे मी खरेच मानत होतो का? मोटारस्टँडवर आमच्या गाडीच्या वाटेला कोणी जात नसे, कारण हिंदुरावने एकाचा जबडा मोडला होता. ते मला सोयीचे होते. जो हात तुझ्यावर उठत होता त्याच हातावर माझी लॉरी चालत होती.

आता काय केले ते लिहितो. मी चौकीवर जाऊन सांगितले की आधीची जबानी अपुरी होती. फौजदार वैतागला. सुशिक्षित माणसाने पोरखेळ मांडला म्हणाला. पण लिहून घेतले. चार लोकांत हे फुटायला वेळ लागला नाही. हिंदुरावच्या चुलतभावांनी मला भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत गाठले. एकाने गळ्याला उपरणे आवळून धरले, दुसरा पोटात लाथा घालत राहिला. वरचे दोन दात गेले, बरगडी दुखावली आहे. लिहिताना वाकता येत नाही, म्हणून अक्षर वाकडे आहे. मैनुद्दीनच्या घरीही ते जाऊन आले. त्याची दोन बोटे डॉक्टरांनी कापली. तो म्हणतो, मी बेशुद्ध होतो, मला काही विचारू नका.

तुला लगेच घेऊन यावे असे वाटते. पण खटल्याआधी तू घर सोडलेस तर वकील म्हणेल, बहीणभावांनी मिळून कट केला. हिंदुराव कोठडीत आहे. घरात मावशीच आहेत. निकाल लागेपर्यंत तिथेच थांब. त्याला शिक्षा झाली की मी स्वतः न्यायला येईन. दोन वर्षांपूर्वी तू माझ्याकडे आलीस तेव्हा परत पाठवले, तसे या वेळी करणार नाही.

तुझा दादा


सोलापूर, ता. १२ फेब्रुवारी १९३५

सोजर,

आज माझी साक्ष झाली. उद्या निकाल. बिस्मिल्ला उद्याच्या गाडीने निघेल, म्हणून आजच लिहून ठेवतो.

मी सगळे सांगितले. हाक, हात वर करून चालणे, पडलेल्या माणसावर पडलेले घाव. कोंडीबाची आई सारजाबाई मागे जमिनीवर बसली होती. मी टाचेचे सांगितले तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला. हे सांगायची गरज होती का, असे नंतर वाटले. पण विचारले होते, सगळे सांगा म्हणून.

मग हिंदुरावचा वकील उठला. हसऱ्या तोंडाचा माणूस. त्याने लॉरी कोर्टाच्या आवारात आणवली होती. सगळे बाहेर गेले. भोक कुठे होते ते दाखवा म्हणाला. मी दाखवले. त्याने बोटाने टिचकी मारली, न्यायाधीशाला मत देणाऱ्या पंचांना, असेसरांना, हात फिरवायला लावला. एकाला तर ठिगळ कुठे संपते तेच कळेना. मी म्हणालो, ठिगळ उचकटा, खाली भोक आहे. तो म्हणाला, भोक असणारच, नाहीतर ठिगळ कशाला? या बाजूला अशी किती ठिगळे आहेत. प्रश्न एवढाच की हे ठिगळ कोंडीबा मेला त्याच्या आधी बसले की नंतर. लोखंड ते सांगत नाही. सांगू शकेल असा माणूस एकच.

मैनुद्दीनला पुन्हा बोलावले. तो उरलेल्या बोटांनी टोपी धरून उभा होता. चुलतभाऊ समोरच्या बाकावर होते. ठिगळ केव्हा बसवले? तो खाली पाहत म्हणाला, "याद नहीं, साहेब. बुखार में था." मी त्याला दोष देत नाही. त्याच्या तापात मीच त्याला आत बसवले होते.

मग वकिलाने माझी पहिली जबानी वाचून दाखवली. त्यात काही दिसले नाही, आज सगळे दिसते. मधल्या काळात असे काय झाले? रावजीने काही दिले का? मी नाही म्हणालो. मग काय झाले? मी शपथेवर होतो. खरे उत्तर एकच होते. ते मी दिले. माझ्या बहिणीने पत्र लिहून कळवले की पाहिले असेल तर सांग. ती त्याची बायको आहे आणि तो तिलाही अशीच हाक मारून मारतो.

सोजर, हे मी सगळ्यांसमोर बोललो. खटला सुरू झाल्यापासून हिंदुरावने माझ्याकडे पाहिले नव्हते. तेव्हा पाहिले. रागाने नाही. घरातली एखादी हरवलेली वस्तू सापडावी तसे पाहिले, आणि हसला.

"माहीत नाही" म्हणालो असतो तरी भागले असते. तो प्रश्न टाळता आला असता. जबानीच्या वेळी मी तुझ्यासाठी खोटे बोललो तेव्हा ते चूक होते, आणि आज मी खरे बोललो. मग आतून हा थंडपणा का येतो आहे? तुझे पत्र तू मला लिहिले होतेस, कोर्टाला नव्हे. तुला न विचारता मी ते भर कचेरीत वाटून टाकले. पुन्हा एकदा विचारले नाही.

सरकारी वकील म्हणतो, अजून आशा आहे. मी ती धरून आहे.

तुझा दादा


ता. १३, दुपार

सोजर, हा कागद आधी वाच. कालचा आत्ता वाचू नकोस.

हिंदुराव सुटला. असेसरांनी निर्दोष म्हटले, स्वतःच्या बचावात मारले असे ठरले. कोर्टाच्या पायऱ्यांवर चुलतभावांनी त्याला खांद्यावर घेतले. गुलाल उडाला.

तो खाली उतरून माझ्याकडे आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, लॉरीची किल्ली द्या. उद्या सकाळी करमाळ्याला जातो. सोजराला कळवू नगा, अवचित जातो." मी किल्ली दिली.

तुला कोर्टातले ठाऊक नाही म्हणून सांगतो. तू मला लिहिलेस हे त्याला कळले आहे. माझ्याकडूनच कळले. कसे, ते कालच्या कागदात आहे. मला नंतर काय म्हणायचे ते म्हण.

आता हे कर. बिस्मिल्लाच्या टोपलीत बांगड्यांखाली मैनुद्दीनच्या बायकोचा, इमामबीचा, बुरखा आहे. तिने मैनुद्दीनला न विचारता दिला. मावशी ओसरीवर असतील, तेव्हा परसात जाते म्हणून नीघ. बिस्मिल्ला ओसरीवर बसून बायकांना बांगड्या भरत राहील. चावडीमागे तिच्यासोबत आलेला तिचा नवरा छकडा घेऊन उभा असेल. वयस्कर आहे, पांढरी दाढी, नाव बडेसाब. तो तुला नगरच्या मोटारीत बसवील. जेऊरकडे मुळीच जाऊ नको. तो रस्ता सोलापूरचा, हिंदुराव त्याच रस्त्याने येणार. नगरला दवाखान्यात मथुराबाई नावाच्या नर्स आहेत. त्यांचे यजमान कॉलेजात माझ्या खोलीत राहत. त्यांना तार केली आहे. त्यांना काही समजावून सांगावे लागणार नाही, हात दाखव.

दागिने घेऊ नको. कपडे घेऊ नको. गाठोडे दिसले की मावशी विचारतील.

किल्ली दिल्यावर मी लॉरीपाशी गेलो. ती अजून कोर्टाच्या आवारात उभी होती आणि मालक म्हणून मला कोणी हटकले नाही. बॉनेट उघडून ठिणगी वाटणारा भाग, ज्याशिवाय इंजिन चालू होत नाही, तो काढला आणि येताना विहिरीत टाकला. तसला भाग सोलापुरात सहज मिळत नाही. पुण्याहून आणावा लागेल किंवा तो दुसरी गाडी शोधील. दोन्हींत वेळ जाईल. फार नाही, पण तुझी मोटार सुटेल इतका.

सकाळी त्याच्या लक्षात येईल. आणि कोणी केले हेही लक्षात येईल. मग करमाळ्याला निघण्याआधी तो इकडे येईल. बिस्मिल्ला म्हणत होती, तुम्हीही चला. मी नाही म्हणालो. घराला कुलूप दिसले तर तो दारात थांबणार नाही, मिळेल त्या गाडीने थेट तुझ्याकडे निघेल. मी असलो तर थांबेल. त्याला माझ्याशी बोलायचे बरेच आहे.

म्हणून मी घरीच आहे. तू नीघ.